टायफॉइड नव्हता

बहिणीच्या वलिम्याला मुलाकडच्या एका बाईंनी मला कोपऱ्यात गाठलं. माझ्या डोक्याकडं बघत म्हणाल्या, "किती छान कुरळे केलेत! कुठल्या पार्लरमध्ये?" मी कॅम्पातल्या एका पार्लरचं नाव ठोकून दिलं. त्यांनी ते मोबाइलमध्ये लिहूनही घेतलं. ही एप्रिलमधली गोष्ट. ते खोटं तेव्हापासून सलतंय, म्हणून हे लिहितेय.

ते केस केमोथेरपीनंतर उगवलेले होते. मला स्तनाचा कर्करोग झाला होता. लाल औषधाचे 4 डोस झाले, मग दर आठवड्याला एक असे दुसऱ्या औषधाचे 12. पहिल्या डोसनंतर सतराव्या दिवशी उशीवर केसांचा पुंजका दिसला. चार दिवसांनी धाकट्या भावानं स्वतःच्या दाढीच्या ट्रिमरनं माझं डोकं साफ केलं. कमरेपर्यंतचे, काळेभोर, सरळ केस होते. सगळे धीर द्यायचे, "घरची शेती आहे, उगवेल परत."

उगवली. पण गेलं एक आणि आलं दुसरंच. शेवटच्या डोसनंतर महिनाभरात डोक्यावर राखाडी लव दिसू लागली. पाच महिन्यांनी दीड इंचाचे केस झाले, कोकराच्या लोकरीसारखे, मधेमधे पांढरे. आरशात बघितलं की कुणा अनोळखी बाईला सलाम करावासा वाटायचा.

यामागचं कारण साधं आहे. केमोची औषधं वेगानं विभागणाऱ्या पेशींवर मारा करतात आणि केसांच्या मुळातल्या पेशी नेमक्या तशाच असतात. केस सरळ येणार की कुरळा, हे मुळाच्या आकारावर ठरतं. मार खाऊन सावरताना तो आकार काही काळ बदलू शकतो. रंग बनवणाऱ्या पेशीही उशिरा कामाला लागतात. बहुतेकांचे केस वर्षभरात, कधी त्याहून जास्त काळानं, पहिल्यासारखे होत जातात. काहींचे होत नाहीत. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर जुनी सेटिंग्ज जशीच्या तशी सापडतील हे आम्ही ऑफिसात गृहीत धरत नाही. शरीराकडून मात्र तीच अपेक्षा करत होते.

पण मला त्रास झाला तो केसांपेक्षा डोक्यावरच्या कापडाचा. मी आधी स्कार्फ बांधत नव्हते. टक्कल पडल्यावर ऊन आणि एसीचा गारवा सोसेना, म्हणून सुती स्कार्फ बांधू लागले. लांबच्या नातेवाइकांना कर्करोगाचं सांगितलंच नव्हतं. त्यांचे मेसेज आले, "माशाअल्लाह, हिदायत मिळाली." ऑफिसात एका सहकारी मैत्रिणीनं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरून काही दबाव आहे का गं?" दोघांचा हेतू चांगला होता. दोघांनी कापड वाचलं. खाली काय आहे हे कुणीच विचारलं नाही. केस दोन बोटं वाढल्यावर स्कार्फ काढला, तर हिदायतवाले नाराज आणि ऑफिस खूश! विगचा विषय निघाला तेव्हा तो जायज की नाजायज, यावर घरात दोन तट पडले. दोन्हीकडून मौलानांचे व्हिडिओ येत होते. विग टोचतो का, एवढं अम्मीनं तेवढं विचारलं.

आता टायफॉइडचं. बहिणीचा रिश्ता ठरत होता. फुफीचं म्हणणं पडलं, कर्करोग कळला तर मुलाकडचे मागे सरतील, "खानदानात बीमारी आहे" म्हणतील. म्हणून बाहेर सांगायचं ठरलं की मला टायफॉइड झाला, त्यात केस गेले. आपल्याकडं टायफॉइडमध्ये केस जातात हे सगळ्यांना पटतं. मीही मान डोलावली. मग निकाहच्या आधी त्या केसांचं काय करायचं? फुफीनं काळ्या मेंदीची पुडी आणली आणि केस सरळ करायला पार्लरची वेळही घेऊन ठेवली.

मी नकार दिला. डॉक्टरांनी किमान सहा महिने रंग आणि स्ट्रेटनिंग नको म्हणून बजावलं होतं, कारण टाळू नाजूक झालेली असते. शिवाय मेंदीच्या पानाचा रंग लालसर-केशरी असतो. झटपट काळं करणाऱ्या 'काळ्या मेंदी'च्या अनेक पुड्यांत पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्यानं काहींच्या अंगावर पुरळ, फोड उठतात. केमोतून उठलेल्या कुणाला घरातली मंडळी प्रेमानं ती लावू बघत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

केसांच्या बाबतीत मी अडून बसले, पण खोट्याच्या बाबतीत नाही. तिथं मी चुकले. स्तनाच्या कर्करोगापैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतो. म्हणजे रिश्त्याची भीती बहुतेक वेळा फोल असते. आणि जिथं तो खरोखर आनुवंशिक असेल, तिथं तर बहिणी, मावशा, फुफीच्या मुली यांना आधी कळायला हवं, म्हणजे त्या तपासणी करून घेतील. फुफीच्या दोन्ही मुलींना आजवर टायफॉइडच माहीत होता. निकाह मोडू नये म्हणून आपण बायकांचा जीव पणाला लावतो आणि त्याला घराण्याची इज्जत म्हणतो.

हे वाचणाऱ्या भावांना, बहिणींना सांगते: घरात कुणी केमोतून उठली असेल तर "केसच तर आहेत" म्हणू नका. गेले तेव्हाही ते केसच होते आणि मी रडले होते. नवे केस छान दिसतात असंही लगेच म्हणू नका. तिला ते अजून स्वतःचे वाटत नसतील. "डोक्याला हात लावू का?" असं माझ्या सहा वर्षांच्या भाच्यानं विचारलं होतं. मी हो म्हणाले. त्यानं बराच वेळ बोटं फिरवली आणि म्हणाला, "मांजरासारखं लागतंय." त्या सगळ्या महिन्यांत मला आवडलेली दाद तेवढीच.

गेल्या आठवड्यात बहिणीच्या सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग त्यांच्या आईबद्दल बोलल्या. त्या आजीलाही गाठ होती. घरात कुणी तिचं नाव काढत नसे. पार्लर विचारणाऱ्या बाईंचा नंबर मी त्यांच्याकडूनच घेतलाय.

फुफीला हा लेख वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे, पण टायफॉइडचं काढून टाक."