पिंप कोणाचे, भट्टी कोणाची?

बिअरच्या धंद्यात मालाची ने-आण ज्या पोलादी पिंपांतून होते, त्यांना ‘केग’ म्हणतात. गंज न चढणाऱ्या पोलादाचे, साधारणतः ५० लिटर मावणारे हे पिंप शेकडो वेळा भरले आणि रिकामे केले, तरी टिकून राहते. न्यूझीलंडमध्ये वापरातून निघालेले असे पिंप विकत घेऊन त्याचा घरगुती भट्टीचा हंडा बनविणे, हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा राजरोस छंद आहे. १ ऑक्टोबर १९९६ पासून तेथे अमलात आलेल्या सीमाशुल्क व अबकारी कायद्याने स्वतःच्या उपभोगापुरती दारू घरी गाळण्यास मोकळीक दिली आणि २०१८ च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली. अट एकच: गाळलेली दारू विकता येत नाही.

या छंदाची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढचा सारा वाद तिच्याशी निगडित आहे. पिंपाच्या मानेतून तळापर्यंत जाणारी एक नळी असते. ती एका कड्याने घट्ट बसविलेली असते आणि आत वायूचा दाब असतो. तो दाब आधी सोडून दिला नाही, तर कडे काढताक्षणी नळी बंदुकीच्या गोळीसारखी उसळते. नळी काढल्यावर उरलेल्या तोंडावर वाफेचा स्तंभ पकडपट्टीने बसवितात आणि खाली विजेची तापपट्टी जोडतात. उघडी ज्योत टाळण्याचे कारण असे की मद्यार्काची वाफ पेट घेते. पिंप काठोकाठ भरत नाहीत, वरचा भाग वाफेसाठी मोकळा ठेवतात. वाफेची वाट कोठेही बंद होता कामा नये, नाहीतर हंड्याचा बॉम्ब होतो. सांध्यांना शिशाचे डाखकाम चालत नाही, रबर व प्लास्टिक वाफेच्या वाटेत येऊ देत नाहीत आणि प्रथम येणारी तीव्र वासाची धार टाकून देतात. एवढी शिस्त पाळली की पदार्थविज्ञान आपले काम करते. मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो, पाणी १०० अंशांना. या अंतरावरच जगातील साऱ्या भट्ट्या चालतात, मग त्या कारखान्यातल्या असोत की परसातल्या.

हेच पिंप, हीच वाफ आणि हीच शिस्त प्रशांत महासागराच्या पलीकडे अमेरिकेत गेली की गुन्हा ठरते. तेथे १९७८ साली घरगुती बिअर गाळण्याचा कर माफ करणारा कायदा झाला. दोन प्रौढांच्या कुटुंबाला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःसाठी करता येऊ लागली. परंतु त्याच बिअरला ऊब देऊन तिचा अर्क काढला, तर संघीय कायद्यान्वये पाच वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड अशी शिक्षा लिहिलेली होती. या निर्बंधाचे मूळ १८६८ च्या कायद्यात आहे, आणि तो कायदा आरोग्याचा नव्हे, महसुलाचा होता. यादवी युद्धानंतर तिजोरी भरण्यासाठी दारूवर जबर कर बसला होता. घराघरांत भट्ट्या राहिल्या तर कर कोणाकडून वसूल करायचा, हा सरकारपुढचा प्रश्न होता. जुलै २०२४ मध्ये टेक्सासमधील एका संघीय न्यायाधीशाने, घरात भट्टी ठेवण्यावर बंदी घालण्याचा अधिकार करआकारणीच्या सत्तेतून निघत नाही, असा निर्णय दिला. तो फिर्यादी संघटनेच्या सभासदांपुरता होता. पण मुद्दा उघड झाला: दीडशे वर्षे ज्या बंदीला लोक सुरक्षिततेची बंदी समजत आले, ती मुळात वसुलीची सोय होती.

पिंपाच्या मालकीची गोष्टही याच जातीची आहे. हे पिंप बहुधा बिअर कंपनीचे भांडवल असते. ग्राहक बिअर विकत घेतो आणि पिंपासाठी अनामत ठेवतो. ही अनामत पिंपाच्या खऱ्या किमतीहून बरीच कमी असते. त्यामुळे ‘अनामत सोडून दिली, आता पिंप माझे’ हा अनेकांचा समज कायद्यात टिकत नाही. कंपनीने रद्द करून विकलेले पिंप तेवढे ग्राहकाचे. म्हणजे ज्या भांड्यात अर्क निघायचा, त्याची मालकी कंपनीकडे आणि अर्क काढण्याचा हक्क सरकारकडे. परसातल्या माणसाच्या वाट्याला उरते ती दोघांची मेहेरबानी.

न्यूझीलंडच्या या छंदाशी महाराष्ट्राच्या वाचकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की हीच क्रिया ठाणे, पालघर, नंदुरबार, गडचिरोली या भागांतील आदिवासी पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत. भांडे पोलादी नव्हते, मातीचे होते. माल्टऐवजी मोहाची फुले होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने विखुरलेल्या गावभट्ट्या मोडून मध्यवर्ती भट्टीची आणि मक्तेदाराची व्यवस्था दृढ केली. तेवढ्यानेही आदिवासी आपली दारू सोडीनात, तेव्हा १८९२ च्या मोहाविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. ज्या फुलांवर दुष्काळात गरीब माणूस दिवस काढीत असे, ती फुले जवळ ठेवणेही संशयास्पद झाले. मक्तेदाराची महाग दारू खपावी म्हणून झाडाखाली पडलेल्या फुलावर पहारा बसला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. त्यामागील ध्येयवाद खरा होता आणि समाजवादी चळवळीतील अनेकांनी तो मनापासून स्वीकारला होता. पण त्याच कायद्याची पुढची गत पाहावी. महाराष्ट्रातील दारूचा व्यवहार आजही दारूबंदीचेच नाव असलेल्या त्या कायद्याखाली चालतो, आणि राज्य उत्पादन शुल्क हा सरकारी उत्पन्नाचा एक मोठा झरा आहे. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढणे हा उद्योग ठरतो. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण याच सरकारने आखले. १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात मात्र झोपडपट्टीगुंडांच्या शेजारी ‘हातभट्टीवाले’ हा शब्द थेट कायद्याच्या नावात बसविला गेला. ज्वारी सडवून हजारो लिटर अर्क काढणाऱ्यास अनुदान आणि एक मडके चुलीवर ठेवणाऱ्या बाईस पोलिसांची धाड, हा भेद दारूच्या घातकतेवरून ठरलेला नाही. तो भांडवलाच्या आकारावरून ठरलेला आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो: हातभट्टीने माणसे मरतात. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला वस्तुस्थितीने उत्तर द्यावयास हवे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद व अहमदाबाद परिसरात चाळिसाहून अधिक गेली. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लकुरिचीत साठाहून अधिक. या तिन्ही ठिकाणी घात केला तो मिथेनॉलने, म्हणजे रंग, रसायने आणि द्रावके यांच्या उद्योगात लागणाऱ्या विषारी मद्याने. बोटादच्या प्रकरणात रसायनाच्या गोदामातून चोरलेले मिथेनॉल पाणी मिसळून थेट विकले गेले होते. तेथे भट्टी लागलीच नव्हती. गूळ, धान्य किंवा मोहाचे फूल आंबवून निघणाऱ्या अर्कात मिथेनॉलचा अंश सामूहिक मृत्यू घडविण्याइतका नसतो. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि मग माणूस जातो. हे विष झोपडीत तयार होत नाही. ते कारखान्यातून टँकरने येते, आणि टँकरची नोंद कोठेतरी कागदावर असते. दुर्घटनेनंतर पोलीस वस्त्यांतील मडकी फोडतात. टँकरचा कागद तपासण्याइतका उत्साह क्वचितच दिसतो.

हातभट्टीत दोष नाहीत, असा याचा अर्थ नाही. काळा गूळ आणि नवसागर टाकून, तेलाच्या जुन्या डब्यांत उकळून, टायरच्या ट्यूबांतून वाहून आणलेली शहरी हातभट्टी घाणेरडी असते आणि घातकही असू शकते. पण तिची ही अवस्था कशामुळे झाली? ज्या कामासाठी केव्हाही धाड पडू शकते, त्यासाठी कोणी चांगले भांडे विकत घेत नाही. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात लोकांनी मोटारीचे रेडिएटर वाफ थंड करायला वापरले आणि त्यातील शिशाने विषबाधा झाल्या. न्यूझीलंडच्या पिंपात शिसे नाही, कारण तेथे माणूस दुकानात जाऊन योग्य सांधा मागू शकतो आणि शेजाऱ्याला चूक विचारू शकतो. उघड्यावर चालणारे काम सुधारते, चोरून चालणारे काम बिघडत जाते.

दूर जाण्याचेही कारण नाही. गोव्यात काजूच्या हंगामात बोंडांचा रस आंबवून गावोगाव भट्ट्या लागतात, पहिल्या धारेचे हुर्राक आणि पुढे फेणी होते. त्या भट्टीस अबकारी खाते रीतसर परवाना देते. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटले. सिंधुदुर्गाची हद्द ओलांडली की काजूचे बोंड तेच, रस तोच आणि कसबही तेच. फक्त भट्टीवाल्याचे कायद्यातील नाव बदलते.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. दारूने कष्टकऱ्यांचे संसार मोडले, मजुरी गुत्त्यात गेली आणि मार बायकांनी खाल्ला. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या रेट्याने. कोणत्याही समाजवादी कार्यकर्त्याने त्या स्त्रियांशी वाद घालू नये. परंतु त्यांचा रोष ज्या दारूवर होता, ती बाजारासाठी, नफ्यासाठी आणि उधारीवर विकली जाणारी दारू होती. घरगुती उपभोग आणि विक्रीचा धंदा यांच्यामधली रेघ न्यूझीलंडने १९९६ मध्ये आखली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारताच्या संसदेने पेसा कायदा करून अनुसूचित क्षेत्रांत मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविण्याची तरतूद केली. एका देशात छंदिष्टांना मिळालेली मोकळीक लगेच व्यवहारात आली. दुसऱ्या देशात आदिवासींना मिळालेला अधिकार बहुतांशी कागदावर राहिला.

तेव्हा मागणी नेमकी करावयास हवी. घरच्या वापरापुरती, विक्रीविरहित पारंपरिक दारू हा गुन्हा मानू नये. तिची मर्यादा ग्रामसभेने ठरवावी, आणि ग्रामसभेस संपूर्ण बंदी हवी असेल तर तीही तिनेच ठरवावी. ज्यांना विक्री करावयाची आहे, अशा पारंपरिक भट्टीवाल्यांना सहकारी तत्त्वावर परवाने, चांगली भांडी आणि तपासणीची सोय मिळावी. मिथेनॉलच्या प्रत्येक टँकरचा हिशेब उत्पादकाच्या दारापासून वापरणाऱ्याच्या दारापर्यंत लागला पाहिजे, आणि तो न लागल्यास मडकेवालीच्या आधी मालकास जाब विचारला पाहिजे.

चौथी मागणी मतपेटीची. महाराष्ट्रात दुकान बंद करण्यासाठी स्त्रिया ‘आडवी बाटली’ला मत देतात, पण त्यासाठी झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही, एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. आमदार निवडून येतो तो पडलेल्या मतांच्या आघाडीवर. पोटासाठी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली बाई मतदानाच्या दिवशी गावात नसते, आणि तिची गैरहजेरी दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. ही अट रद्द व्हावी.

या मागण्या एकत्र मांडल्या म्हणजे कार्यकर्त्यास आपली बाजू सोडावी लागत नाही. दारू माणसाला नासवते, असे म्हणणाऱ्यानेही हे विचारले पाहिजे, की मग सरकार ती कारखान्यात अनुदान देऊन का काढवते आणि झोपडीत फोडते का. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत धाडीच्या बातमीत फुटलेल्या मडक्यांचा आकडा वाचून कोणीही समाधान मानू नये.