सिरॅमिक तव्याला कल्हईवाला नाही

भांड्यांच्या दुकानांत अलीकडे ‘सिरॅमिक नॉनस्टिक’ या नावाचे तवे आणि कढया मोठ्या संख्येने दिसतात. आतून पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या, हाताला गुळगुळीत, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘केमिकल-फ्री’ अशी ग्वाही. विद्यार्थी मित्रहो, ही ग्वाही वाचून कोणत्याही रसायनशास्त्राच्या शिक्षकाने कपाळाला हात लावावा. सिलिका हे रसायन आहे, ॲल्युमिनियम हे रसायन आहे, पाणीही रसायनच आहे. रसायनविरहित भांडे म्हणजे शुद्ध निर्वात पोकळी, आणि तिच्यात भाजी शिजत नाही! परंतु माझी तक्रार केवळ शब्दापुरती नाही. वस्तूचे नाव फसवे असले की ती वापरण्याची रीतही चुकते, आणि चांगले पैसे मोजून आणलेला तवा थोड्याच दिवसांत डोशाला चिकटून बसू लागतो.

‘सिरॅमिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुंभाराची भट्टी येते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही कुंभाराची माती असाच आहे. या तव्यात मात्र माती भाजलेली नसते. तवा असतो ॲल्युमिनियमचा. त्याच्या आतल्या बाजूला काही दशक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही पातळ, असा एक लेप असतो. सिलिकॉनच्या काही सेंद्रिय संयुगांची पाण्याशी अभिक्रिया घडवून आणली की सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची जाळी हळूहळू तयार होते. प्रथम पातळ द्रव, मग जेलीसारखा पदार्थ आणि शेवटी, तापवल्यावर, काचेसारखा कठीण थर. या पद्धतीला ‘सोल-जेल’ म्हणतात. तिचे मूळ एबेलमेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या १८४० नंतरच्या दशकातील प्रयोगांपर्यंत जाते. स्वयंपाकघरात ती पोचली त्यानंतर सुमारे दीड शतकाने. बेल्जियममधील ग्रीनपॅन या कंपनीने २००७ साली ‘थर्मोलॉन’ नावाचा असा लेप दिलेली भांडी बाजारात आणली.

आता गंमत पाहा. शुद्ध काचेला पाणी आवडते. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब पसरतो, आणि जिथे पाणी पसरते तिथे पदार्थही चिकटतो. मग हा काचेचा भाऊ नॉनस्टिक कसा? त्याच्या जाळीला जागोजागी कार्बन-हायड्रोजनचे मेथिल गट जोडलेले असतात आणि बहुधा थोडे सिलिकोन तेलही त्यात मुरवलेले असते. या दोहोंमुळे पृष्ठभागाची ऊर्जा कमी होते आणि पदार्थ त्याला धरत नाही. तात्पर्य, कठीणपणा काचेचा आणि निसरडेपणा उसना. जोराच्या आचेने मेथिल गटांचे ऑक्सिडीकरण होते, तेल निघून जाते, आणि मागे उरते ती पाण्यावर प्रेम करणारी काच. जाहिरातीत ‘चारशे अंशांपर्यंत सुरक्षित’ असे लिहिलेले असते. लेपाचा सांगाडा त्या तापमानाला टिकेलही. निसरडेपणा टिकेल असे कोणी म्हटलेले नाही. ‘सुरक्षित’ आणि ‘टिकाऊ’ हे दोन निराळे शब्द आहेत.

टेफ्लॉनविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. रॉय प्लंकेट यांना ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत हा बहुवारिक अकल्पितपणे सापडला आणि फ्रान्समध्ये १९५६ साली टेफाल कंपनीने त्याचे तवे विकायला सुरुवात केली. हा पदार्थ स्वतः कमालीचा निष्क्रिय आहे. भीती दोन कारणांनी निर्माण झाली. एक, ३५० अंश सेल्सियसच्या पुढे तो विघटित होऊ लागतो आणि त्याच्या वाफेने घरातले पाळीव पक्षी दगावतात. दुसरे, तो तयार करताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे साहाय्यक रसायन. त्याचा समावेश २०१९ साली स्टॉकहोम करारातील बंदीच्या यादीत झाला आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोगकारक ठरवले. सिरॅमिक लेपात फ्लोरिनची अशी संयुगे नसतात, हा त्याचा खरा गुण. पण निसरडेपणा टिकवण्यात टेफ्लॉन त्याच्यापेक्षा सरस आहे, हेही तितकेच खरे.

हा निसरडेपणा लवकर घालवण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून दुसऱ्या कामाला लागणे. हिशेब करून पाहू. तवा ८०० ग्रॅमचा. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता ग्रॅमला ०.९ ज्यूल; ३० अंशांपासून २६० अंशांपर्यंत न्यायचा, म्हणजे तापमानवाढ २३० अंश. गुणाकार १,६५,६०० ज्यूल. शेगडीतून तव्याला खरोखर १,००० वॉट उष्णता मिळते असे धरले, तर वेळ लागतो १६६ सेकंद. पावणेतीन मिनिटे! हवेत जाणारी उष्णता धरून आणखी थोडी. कांदा चिरायला घेतला तर तो चिरून होण्यापूर्वीच तवा तिथे पोचलेला असतो. त्याच तव्यात पाणी असलेली भाजी असेल, तर पाणी आटेपर्यंत तापमान शंभराच्या फार पुढे जाणार नाही.

म्हणूनच भाकरी या तव्यावर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. भाकरीला कोरडा, सणसणीत तापलेला तवा लागतो. ते काम लोखंडाचे किंवा बिडाचे. फोडणीही छोट्या लोखंडी पळीत करून वरून ओतावी. मोठ्या तव्याच्या मध्यभागी चमचाभर तेल तडतडत असते तेव्हा भोवतालचा सारा लेप कोरडा भाजत असतो. घावन, डोसा, अंडे, धिरडे, मंद किंवा मध्यम आचेवरचे पदार्थ, एवढे या तव्याचे राज्य. ते काही लहान नाही.

दुसरा शत्रू म्हणजे नळाचे गार पाणी. २४ सेंटिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियम २०० अंशांनी तापले तर सुमारे १.१ मिलिमीटरने प्रसरण पावते. तेवढीच साधी काच अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. गरम तवा नळाखाली धरला की वरचा लेप क्षणात गार होऊन आकसू पाहतो, आणि खालचा गरम धातू त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत बारीक चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण पिठाला बरोबर सापडतात. तवा आपला आपण निवू द्यावा. दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

तिसरा शत्रू तेल, आणि येथे मला फार मौज वाटते. खाद्यतेलाचा पातळ थर गरम धातूवर राहिला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून तपकिरी, चिवट बहुवारिक तयार होते. लोखंडी तव्यावर हेच बहुवारिक आपण मुद्दाम साठवतो. त्यालाच तवा ‘मुरला’ म्हणतो. सिरॅमिकवर मात्र तेच मेथिल गटांना झाकून टाकते आणि तवा चिकट होतो. एकीकडे औषध, दुसरीकडे विष! तेव्हा प्रत्येक वेळी सौम्य साबण आणि मऊ स्पंज घेऊन तव्याच्या कडासुद्धा धुवाव्यात. डाग दिसलाच तर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून थोडा वेळ उकळावे. तारेची घासणी, राख आणि घासण्याची खरखरीत पावडर वर्ज्य. भांडी धुण्याच्या यंत्रातली पावडर तीव्र अल्कली असते, आणि अल्कली काचेला कुरतडते.

दुकानात गेल्यावर ‘ग्रॅनाइट’, ‘मार्बल’, ‘डायमंड’ ही नावे न वाचता तवा हातात घ्यावा. तो जड असावा; तीन मिलिमीटरहून पातळ बूड लवकर वाकते आणि आच एका जागी साचते. कंपासपेटीतली पट्टी बुडाला आडवी लावून पाहावी, फट दिसता कामा नये. इंडक्शन शेगडी असेल तर खिशात लोहचुंबक न्यावा. आतला रंग फिकट असलेला बरा, तेलाचा तपकिरी थर लवकर दिसतो. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

आपल्याकडे लेप दिलेली भांडी नवी नाहीत. तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा लेप असे, त्याला आपण कल्हई म्हणतो. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे भांडेही रिकामे तापवायचे नसते. लेप झिजणार हे घरात सर्वांना ठाऊक होते. तो झिजला की कल्हईवाला येई, भांडे तापवून नवसागर टाकी, कथील फिरवी, आणि तेच पातेले पुढच्या पिढीकडे जाई. सिरॅमिक तव्याला कल्हईवाला नाही. केसाएवढा लेप निकामी झाला की पाऊण किलो धातू टाकून द्यायचा, ही कोणती रीत? कारखानदारांनी खोक्यावर लेपाची जाडी आणि निसरडेपणा टिकवणारे कमाल तापमान छापावे, आणि जुना तवा परत घेऊन नवा लेप देण्याची सोय करावी. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम वेगळे करण्यास सुमारे १४ युनिट वीज लागते. ८०० ग्रॅमच्या तव्यात ११ युनिटे झाली. तेवढ्यात १० वॉटचा दिवा हजार तासांहून अधिक जळेल. जुना धातू वितळवून पुन्हा वापरला तर या ऊर्जेचा विसावा हिस्साच पुरतो. तेव्हा असा तवा कचऱ्यात न टाकता भंगारवाल्याला द्यावा.

तवा संपला हे ओळखायचे कसे? शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घ्यावा. थंड, स्वच्छ, कोरड्या तव्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब ठेवा. मोबाइलचा कॅमेरा तव्याच्या पातळीत धरून बाजूने छायाचित्र घ्या आणि थेंबाच्या कडेला स्पर्शिका काढून पाण्याच्या बाजूचा कोन कोनमापकाने मोजा. थॉमस यंग यांनी १८०५ साली ज्याचा विचार मांडला तो हा स्पर्शकोन. टेफ्लॉनवर तो ११० अंशांच्या आसपास असतो, नव्या सिरॅमिक लेपावर काटकोनाच्या जवळपास, स्वच्छ काचेवर अगदी थोडा. दर महिन्याच्या एक तारखेला तोच तवा, तेवढाच थेंब, आणि आलेखावर एक बिंदू. एका घरात भाकरी होते आणि दुसऱ्या घरात नाही, अशी दोन घरे मिळाली तर दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.