धावण्याआधी वही आखा

धुळ्याच्या देवपुरात पहाटे वाडीभोकर रोडला, नकाणे रोडला पळणारे हल्ली बरेच दिसतात. परवा त्यातल्याच दोन मुलांनी मला थांबवलं. म्हणाली, "काका, जानेवारीत एकवीस किलोमीटर पळायचं आणि कॅन्सरच्या पेशंटांसाठी पैसे जमवायचे." मला फार बरं वाटलं. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितो, कारण असं मनात असलेले आणखीही कुणी असतील.

दुसऱ्यासाठी पळणं आपल्याकडे नवं नाही. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई करे नऊवारीत, अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात कामही त्यांनीच केलं. मिलिंद सोमण २०१२ साली दिल्लीहून मुंबईपर्यंत दीड हजार किलोमीटर तीस दिवसांत पळत आले, ते पर्यावरणाच्या कामासाठी. मुंबईची जानेवारीतली मॅरेथॉन २००४ पासून चालू आहे आणि तिच्या निमित्ताने कितीतरी संस्था दरवर्षी निधी उभा करतात. मग धुळ्याने का मागे राहायचं?

पण आधी पैशाचं बोलू, कारण चांगली माणसं तिथेच अडकतात. मी पहिल्यांदा वर्गणी मागायला निघालो तेव्हा गल्लीतल्या एका आजोबांनी घडी घातलेली पन्नासची नोट आणि वर एक रुपया हातावर ठेवला. विचारलं एवढंच, "पावती कोण देईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दिलेले एक्कावन्न रुपये परत करून मी घरी आलो. त्या दिवसापासून आधी संस्था, मग मागणी, हा नियम मी पाळतो.

तुम्हीही तेच करा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, ते पाहा. मागच्या वर्षीचा हिशेब मागा. जी संस्था हिशेब दाखवायला कुरकुर करते, तिच्यासाठी घाम गाळू नका. पैसे तुमच्या फोनवर घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. देणाऱ्याला देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वरची रोख रक्कम चालत नाही आणि नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही, हे आधीच सांगा. बूट, टी-शर्ट, प्रवेश फी, जायचं भाडं तुमच्या खिशातून. लोकांनी पेशंटासाठी दिलेल्यातला एक रुपयाही तुमच्या पळण्यावर जाऊ नये.

आता पायांचं. जानेवारीत पळायचं तर पोळा झाला की सुरुवात करा. आज तीन किलोमीटर होतात, मग पुढच्या आठवड्यात लगेच दहा नकोत. दर आठवड्याला थोडंच वाढवा, एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. लळिंगपर्यंत पळून यायचा मोह होईल. पण तो हायवे आहे, ट्रक थांबत नाहीत. आपले आतले रस्ते बरे. बीपी, शुगर किंवा छातीत कधी दुखलं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका.

ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे फसवं असतं. लांब पळून आल्यावर बनियनवर पांढरे डाग दिसतात ना, ते अंगातलं मीठ आहे. तासाभराहून जास्त पळताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, माणूस भोवळून पडतो. ओआरएसची पुडी सोबत ठेवा. ती नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा छोटा, सपाट भरलेला. सोबतचा धावणारा असंबद्ध बोलायला लागला तर त्याला सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता, दवाखान्यात न्या. शर्यत तिथेच सोडा. देणारे त्यासाठी रागावत नाहीत.

आज संध्याकाळी हिशेबासाठी शंभर पानी वही घ्या, पहिल्या पानावर तीन रकाने आखा: नाव, रक्कम, पावती क्रमांक. उद्या पहाटे साडेपाचला ती घेऊन नकाणे रोडला या. मी तिथे असतो. संस्था ठरली की पहिली रक्कम माझी लिहा.