नेट बाहेर अडले की घरात?



गेल्या पावसाळ्यात दर शुक्रवारी आमच्या घरी एकच प्रकार ठरलेला होता. असरची नमाज झाली की अम्मी आपल्या खोलीत मोबाइल घेऊन बसत. थोरला कुवेतला. तिथे तेव्हा दुपारचे अडीच-तीन झालेले असतात, तोही जुमा पढून, जेवून मोकळा असतो. कॉल लागे, अम्मींचे "जेवलास काय रे?" होईपर्यंत चित्र गोठे आणि मग आवाजही जाई. दोन-तीनदा असे झाले की अम्मी मोबाइल उशीखाली ठेवून देत. एकदा हळूच म्हणाल्या, "त्यालाच बोलायचं नसेल." ते वाक्य आम्हाला फार लागले.

दोष आम्ही सरळ कंपनीच्या माथी मारला. आमच्या भागात फायबरची तार आलेली नाही, म्हणून स्लॅबवर डबा बसवून टॉवरवरून नेट घेतलेले. तीन वेळा तक्रार केली. कंपनीचा मुलगा आला, हॉलमध्ये राउटरजवळ उभा राहिला, आपल्या मोबाइलवर नव्वदचा वेग दाखवला आणि "नेट ओके आहे" म्हणून गेला. चहा पाजून त्याच्या मागे आम्ही त्याला बोल लावले. आज कबूल करतो, तो खरे बोलत होता. आमचीही तक्रार खोटी नव्हती.

उलगडा केला तो तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आमच्या भाच्याने. त्याने लॅपटॉप आणला, राउटरला केबलने जोडला. वेग ९४. मग मोबाइल घेऊन हॉलमध्ये उभा राहिला, ८०. अम्मींच्या खोलीत गेला, ३. "मामू, टॉवरवरून घरापर्यंत नेट नीट येतंय. घरात फिरत नाहीये."

हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर पाच महिने वाचले असते. टॉवरवरून नेट घेणाऱ्या घरात बिनतारी काम दोन ठिकाणी चालते. एक टॉवर ते स्लॅबवरचा डबा, दुसरे राउटर ते आपला मोबाइल. मधे डब्यापासून राउटरपर्यंत तेवढी तार असते. या दोन्हींचे दुखणे वेगळे आणि औषधही वेगळे. आपण मात्र दोन्हींना "नेट" म्हणतो आणि एकाच नंबरवर फोन लावतो.

टॉवरच्या लहरी कंपन्या सरकारकडून लिलावात विकत घेतात. ५जीचा मोठा लिलाव २०२२ मध्ये झाला, आणि ५जीचे बरेचसे काम साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. जिओ आणि एअरटेल या दोघांनी २०२३ मध्ये घरासाठी असे तारेविना नेट आणले, आधी मोठ्या शहरांत. वायफायच्या लहरींना मात्र परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये सर्वांना मोकळा झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही २०१८ मध्ये. त्यामुळे डब्याच्या आणि वायफायच्या लहरी एकमेकींच्या आड येत नाहीत, ती भीती नको. अपवाद असा की काही ठिकाणी स्थानिक नेटवाले डोंगरावरून छोट्या डिशने नेट देतात, आणि ती डिश बहुधा वायफायच्याच ५ गिगाहर्ट्झवर चालते. तिथे राउटरचे चॅनल डिशच्या चॅनलपासून दूर ठेवायला त्यांनाच सांगावे.

आता आमचे घर. जुना भाग जांभ्याचा, दीड-दीड फुटाच्या भिंती. जांभा हा छिद्रांचा दगड, आमच्याकडच्या पावसात तो पाणी पिऊन बसतो आणि पाणी या लहरी गिळते. राउटर हॉलमध्ये, तोही टीव्हीमागे कपाटात, "दिसायला बरे नाही" म्हणून. तिथून अम्मींच्या खोलीत जायचे तर अशा दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण पहिल्याच भिंतीशी दमतो. २.४ पुढपर्यंत पोहोचतो, पण त्यात एकमेकांना न खेटणारी चॅनले तीनच: १, ६ आणि ११. त्यातच शेजारपाजारची वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह.

पहिला उपाय फुकटचा होता: राउटर कपाटातून काढून उंचावर ठेवला. अम्मींकडे ३ चे ७ झाले. दुकानदार म्हणाला, रिपीटर घ्या. साधा रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो ठेवायचा कुठे? अम्मींच्या खोलीत ठेवला तर त्यालाच नीट ऐकू येणार नाही. भाचा म्हणाला, जांभ्यातून लहर जात नसेल तर तार जाऊ दे. जुन्या घराला माळा असतो हे किती बरे! माळ्याच्या तुळयांवरून केबल नेली, तीस मीटरही लागली नाही (शंभरपर्यंत चालते), आणि पलीकडे आमचा आधीच्या कनेक्शनचा, कपाटात पडून असलेला राउटर जोडला.

इथे आम्ही स्वतः एक घोळ घातला. भाच्याची वाट न पाहता केबल जुन्या राउटरच्या वेगळ्या रंगाच्या भोकात खुपसली, कारण ते भोक "इंटरनेटचे" असे लिहिलेले होते. नेट आले, पण हॉलमधला प्रिंटर अम्मींच्या खोलीतून दिसेना. एका घरात दोन कारभारी झाले होते. दोघेही आपापले पत्ते वाटत होते. जुन्या राउटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट" असा पर्याय असेल तर तो निवडावा, काम संपले. आमच्यात नव्हता. मग त्याचा स्वतःचा पत्ता बदलला (दोघांचाही १९२.१६८.१.१ असेल तर भांडण ठरलेलेच), त्याचे पत्ते वाटणे, म्हणजे डीएचसीपी, बंद केले आणि केबल बाकीच्या चार भोकांपैकी एकात लावली. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला, म्हणजे मोबाइल घरात फिरताना बहुधा आपोआप जवळचा राउटर धरतो.

सगळा दोष घरातच असतो असे मात्र नव्हे. राउटरला तारेने जोडूनही दुपारी वेग चांगला आणि इशानंतर पडलेला असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. तेव्हा तक्रार जरूर करा, आणि तारेने घेतलेले आकडे वेळेसकट सांगा. चाचणीत नेट येण्याचा वेग मोठा दिसतो, पण आपला चेहरा पलीकडे जातो तो पाठवण्याच्या वेगावर. तो पाहायला विसरू नका. आणि एकदा स्लॅबवर जाऊन बघा. मार्चमध्ये बसवलेल्या डब्यासमोर जुलैत काय वाढले आहे? आमच्याकडे शेजारच्या आंब्याची फांदी आली होती. पावसाच्या सरींनी या लहरींचे फारसे बिघडत नाही, ओल्या पानांनी बिघडते. शेजाऱ्यांना विचारून फांदी छाटली.

ज्यांची मुले दुबईत आहेत त्यांनी व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही म्हणून राउटर बदलू नये. अमिरातीत असल्या कॉलवर वर्षानुवर्षे निर्बंध आहेत. तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात.

थोरल्याला अंगणातला कॅमेरा कुवेतहून पाहायचा होता. टॉवरच्या नेटवर बहुधा अनेक घरे मिळून एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, म्हणून बाहेरून थेट आपल्या घरचे दार सापडत नाही. जो कॅमेरा आपल्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत दाखवतो तोच चालतो. याचा अर्थ चित्र परक्याच्या यंत्रातून जाते. घरात बायकामुलींचा वावर. आम्ही कॅमेरा फाटकाकडे तोंड करून लावला, आत एकही नाही, आणि डब्यावर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला. शेजारची मुले अभ्यासाला नेट मागतात, त्यांच्यासाठी राउटरमधले "गेस्ट" नेटवर्क वेगळ्या पासवर्डने सुरू केले. नाही म्हणवत नाही, पण कनेक्शन आमच्या नावावर आहे, तेव्हा कोणाला दिले हे लिहून ठेवले आहे.

लाइट गेली तर? स्लॅबवरच्या डब्याला वीज घरातल्या ॲडॅप्टरमधूनच जाते, तेव्हा तो ॲडॅप्टर आणि दोन्ही राउटर असे तिन्ही इन्व्हर्टरवर हवेत. आम्ही आधी एकच राउटर घेतला होता आणि नेट का येत नाही म्हणून डोके खाजवत बसलो. मोठ्या वादळात याचाही उपयोग नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल दोन्ही दिवसेंदिवस बंद होते. तरी दुसऱ्या कंपनीचे एक सिम घरात असावे. विजा कडाडू लागण्याआधीच ॲडॅप्टरची पिन आणि स्लॅबवरून येणारी केबल, दोन्ही काढून ठेवावीत.

अम्मींच्या खोलीत आता ६० मिळतात. शुक्रवारचा कॉल तासभर चालतो. चित्र इतके स्वच्छ दिसते, की "हा वाळलाय, तुम्ही मला सांगत नाही" हे कॉल संपल्यावर आम्हाला ऐकावे लागते.