जुना घेर, नवा घाट

नेसरीचे नाव निघाले, की बाहेरच्या माणसास १६७४ सालची ती खिंड आणि प्रतापराव गुजर आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण या गावी नांदावयास आलेल्या बाईला नेसरीची पहिली ओळख होते ती पावसाने. मृगापासून हस्तापर्यंत भिंती घामेजलेल्या असतात, आणि ज्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकावयाच्या राहून गेल्या तिच्यातील कपड्यांस कुबट वास सुटतो. म्हणून आश्विनातले पहिले खणखणीत ऊन पडले, की आमच्याकडे साऱ्या ट्रंका अंगणात येतात. यंदा त्यांत एक अशी आली, की जी बारा वर्षे कोणी उघडली नव्हती.

ही ट्रंक आमच्या वन्संची. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. दिवाळीसाठी पुण्याहून आलेली आमची पुतणी ती उपसू लागली आणि एकेक चीज अंगाला लावून पाहू लागली. एक गडद हिरव्या इरकलीचा परकर, एक टेरिकॉटची बारीक चुण्यांची मिडी, एक फुलाफुलांची मॅक्सी आणि अलीकडच्या काळातला, म्हणजे १९९० नंतरचा, मोठ्या घेराचा काळा लांब स्कर्ट. एका बाईच्या आयुष्यातील तीस वर्षांचे कपडे चटईवर ओळीने मांडले गेले.

“काकू, हल्ली हेच चालतं. हे चारही मला द्या, फक्त थोडे आजचे करून द्या,” पुतणी म्हणाली.

सासूबाई पडवीत निवडण घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितले, “बाकीच्यांचं काय करायचं ते करा. त्या हिरव्या परकराला कात्री लावायची नाही.”

वाचकभगिनींनो, असा पेच ज्या घरात पडला नाही असे एकत्र कुटुंब मला तरी ठाऊक नाही. एकीला कपडा वापरावयाचा असतो, दुसरीला तो जपावयाचा असतो, आणि कात्री हाती असलेली तिसरी दोघींच्या मध्ये सापडते. या महिन्याचे शिवण या पेचातूनच निघाले आहे.

प्रथम सोपे तेवढे सांगून टाकते. मॅक्सी बेळगावच्या बाजारातून तयार आणलेली होती. तिच्या शिवणीत घरच्या कोणाचा हात नव्हता, तेव्हा तिच्यावर कात्री चालवावयास कोणाचाच आक्षेप आला नाही. छातीखालच्या शिवणीवर ती कापली, वरचा भाग पिशवीच्या अस्तराला ठेवला आणि खालच्या भागास पट्टा लावला, झाला स्कर्ट. काळ्या स्कर्टाचा घेर पूर्ण वर्तुळाचा आहे. असा घेर आखूड करताना एकच पथ्य पाळावे. वर्तुळाकार कापडात काही ठिकाणी उभा धागा येतो, काही ठिकाणी तिरपा, आणि तिरपे कापड स्वतःच्या वजनाने ओघळते. म्हणून कमरेचे काम आटोपल्यावर स्कर्ट एक रात्र टांगून ठेवावा, आणि सकाळी जमिनीपासून मोजून खालची कड आखावी. टेबलावर पसरून मोजलेली कड अंगावर कधीही सरळ दिसत नाही.

आता परकराकडे वळू.

इळकल हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण आमच्या गडहिंग्लज-आजरा-चंदगडकडच्या बायकांना इरकली लुगडे कधी परक्या मुलखाचे वाटले नाही. या लुगड्याचे अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो. मागावर अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा निरनिराळे असतात, आणि ते फासे घालून एकमेकांत अडकविलेले असतात. कानडीत या कामाला ‘टोपे तेनी’ म्हणतात. आपल्याकडचा टोपपदर तो हाच. असे लुगडे मधोमध विरले, की आपल्या आज्या ते टाकून देत नसत. विरलेला भाग काढून, टोके उलटसुलट करून त्याला दंड घालीत. दंडाचे लुगडे पुन्हा विरले, की त्यातल्या धड तुकड्यातून मुलीचा परकर निघे, आणि परकरही संपला की वाकळेत जाई.

लुगड्याच्या कापडाचा परकर शिवताना कापड आडवे वापरतात. लुगड्याची रुंदी ती परकराची उंची होते आणि काठ आपसूक पायाशी येतो. यातच एक अडचण आहे. काठ खाली असल्यामुळे परकर खालून कापताही येत नाही आणि खालून वाढविताही येत नाही. मग वाढत्या मुलीला तो पुरावा कसा? त्यासाठी काठाच्या वर कापडाला आडव्या दुमडी घालून ठेवीत. एक इंच खोल दुमड दोन इंच कापड खाते. तीन दुमडी घातल्या, की सहा इंच कापड शिल्लक राहते. मुलगी उंच झाली, की वर्षाला एक दुमड उसवावयाची.

मोठमोठ्या देशांनाही ही युक्ती निराळ्या प्रकारे करावी लागली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण होते, ते १९४९ पर्यंत टिकले. त्याच काळात १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये दिओर याने पोटऱ्यांपर्यंत येणारे, भरपूर घेराचे स्कर्ट पुढे आणले. ज्यांच्याजवळ युद्धातले आखूड स्कर्टच होते त्या बायका मग त्यांना खालून दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून घेऊ लागल्या. आपल्याकडेही १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले होते. फरक एवढाच, की आपल्या बायकांनी पट्टी आधीच आत दडवून ठेवलेली होती.

हिरवा परकर उन्हात उलगडला तेव्हा सासूबाईंचा आग्रह कशासाठी होता ते ध्यानात आले. हा परकर त्यांच्या आईच्या लुगड्यातून त्यांनीच हातशिलाईने शिवलेला. काठाच्या वर थोड्याथोड्या अंतराने तीन आडव्या रेघा आहेत. दुमडीच्या कडेवर कापड घासून फिके पडते, आणि दुमड उसवली तरी ती फिकी रेघ राहते. सासूबाई निवडण बाजूला सारून उठल्या आणि त्या रेघांवर बोट ठेवून त्यांनी सांगितले, “ही उसवली १९७१ च्या दिवाळीत. ही पुढच्या वर्षी. आणि ही उसवली त्या वर्षी तिला देवी-गोवर म्हणतात तसं काहीतरी अंगावर उठलं होतं, चार महिने शाळा बुडाली, आणि उठली तेव्हा एकदम ताडासारखी वाढलेली.”

पुतणीने हळूच विचारले, “पण या रेघा दिसतात. त्यांच्यावर लेस लावली तर?”

शिवणाच्या कोणत्याही पुस्तकात हाच सल्ला सापडेल, आणि मी स्वतः तो या स्तंभातून पूर्वी दिला आहे. उसवलेल्या दुमडीची खूण फितीने झाकावी, हे सर्वसाधारण कपड्यांपुरते खरेच. पण येथे झाकावयाचे काय होते? आम्ही तिघींनी थोडा वेळ तो परकर नुसता धरून ठेवला. मग पुतणीच म्हणाली, “नको. राहू देत.”

तेव्हा नियम असा ठरला: कात्री लागणार नाही, रेघा झाकल्या जाणार नाहीत, आणि जे काही शिवले जाईल ते पुढे कोणास वाटल्यास उसवून परकर होता तसा करता येईल. अशा अटी घातल्या की काम बिघडते असे पुष्कळांना वाटते. मला उलट अनुभव आला. काय करावयाचे नाही हे ठरल्यावर काय करावयाचे ते फार लवकर सुचले.

पहिली परीक्षा कापडाची. पन्नास वर्षांचे कापड दिसावयास धड असले तरी ओढीला टिकेलच असे नाही. ते उजेडासमोर धरून पाहावे. जुन्या घडीच्या रेघेवर उजेड आरपार दिसला तर ती जागा कमकुवत समजावी. नंतर दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून हलकेच ताणावे. बारीकसा चरचर आवाज आला, तर त्या कापडाचा अंगावरचा कपडा करू नये. आमचे सुती अंग उत्तम निघाले, काठाचे रेशीम मात्र दोन ठिकाणी सुटले होते; तेथे आतून मलमलीचा तुकडा ठेवून विरळ टाके घातले. दुसरी परीक्षा रंगाची. आतल्या बाजूचा एक कोपरा ओला करून त्यावर पांढरे फडके दाबावे. फडके रंगले, तर त्या कपड्याला पांढरे अस्तर किंवा पांढरा पट्टा लावण्याचा विचार सोडावा. धुताना गार पाणीच घ्यावे, कारण सुती अंग आणि रेशमी काठ गरम पाण्यात सारखे आटत नाहीत आणि काठाला सुरकुत्या येतात.

आता घाट. परकर जुना दिसतो तो उंचीमुळे नव्हे. तेरा वर्षांच्या मुलीच्या घोट्यापर्यंत येणारा चौतीस इंची परकर आज मोठ्या मुलीच्या पोटऱ्यांच्या खाली येतो, आणि ती उंची हल्ली चालतेच. तो जुना दिसतो कमरेशी. नेफ्यात नाडी ओवून सगळा घेर कमरेवर गोळा केला, की तेथे जाड वळकटी होते. तेव्हा नेफा उसवावयाचा. उसवताना दोरा ओढू नये. दर चौथा टाका कापावा, म्हणजे दोऱ्याचे तुकडे सहज सुटून येतात. आमच्या नेफ्यात कापड दोनदा दुमडलेले निघाले, म्हणजे सासूबाईंनी चौथीही सोय करून ठेवली होती! ती वापरण्याची वेळ मात्र आली नव्हती. त्या वर्षापासून वन्सं परकर सोडून मिडी घालू लागल्या.

नेफ्याच्या जागी पाच इंच रुंदीचा, अंगाबरोबर बसणारा पट्टा लावला. त्यासाठी कमरेचे माप घ्यावे आणि कमरेखाली पाच इंचांवरचे दुसरे माप घ्यावे. पट्ट्याची वरची कड पहिल्या मापाची आणि खालची कड दुसऱ्या मापाहून एक इंच सैल ठेवावी. आमच्या परकराचा घेर तीन वार, म्हणजे १०८ इंच, आणि पट्ट्याची खालची कड ३६ इंच. घेर बरोबर तिप्पट आहे. सपाट निरी एका इंचाच्या जागी तीन इंच कापड घेते; म्हणून एकेक इंचाच्या छत्तीस निऱ्या घातल्या, तेव्हा एक सूतही उरले नाही की कमी पडले नाही. चुण्या घालून गोळा केला असता तर हाच घेर ढोलासारखा फुगला असता. निऱ्यांनी तो सरळ खाली पडतो, आणि चालताना तेवढा उघडतो. नेफ्यातले शिल्लक कापड कापले नाही. पट्ट्याच्या आत सपाट दाबून सैल टाक्यांनी धरून ठेवले.

येथे माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका खणाच्या परकराला कोऱ्या मांजरपाटाचे अस्तर लावले, ते न धुता. पहिल्याच धुण्यात अस्तर आटले, खण आटला नाही, आणि परकर खालून फुग्यासारखा आत ओढला गेला. तेव्हापासून कोरे कापड दोनदा भिजवून, कांजी काढून, वाळवून मगच मी त्याला कात्री लावते. पट्ट्याचे जाडसर सुती कापडही तसेच घेतले. दोरासुद्धा सुतीच. जुन्या कापडावर बळकट कृत्रिम दोरा वापरला, तर ओढ बसताच दोरा टिकतो आणि कापड फाटते. सुती दोरा आधी तुटतो, आणि तुटलेली शिवण पुन्हा घालता येते.

बाजूच्या शिवणीत पुतणीने खिसा मागितला. मोबाइल ठेवावयास जागा नसेल तर कपडा काय कामाचा, असे तिचे म्हणणे. परकराला खिसा ही कल्पना सासूबाईंना रुचणार नाही असे मला वाटले होते. पण त्या म्हणाल्या, “माझ्या आजीच्या कमरेला चंची असे. तुम्ही ती आत शिवलीत, एवढंच.” मोबाइलचे वजन जुन्या कापडावर पडू नये म्हणून खिशाची पिशवी वरून पट्ट्याला टाचली आहे, कापडाला तिचा भार लागत नाही.

हे सारे काम तीन दुपारींत झाले. पहिली दुपार उसवण्यात गेली, आणि तीच सर्वांत लांबली, कारण प्रत्येक टाक्याला सासूबाई काही ना काही सांगत होत्या. पाडव्याच्या संध्याकाळी पुतणीने तो वर साधा पांढरा सदरा घालून नेसला. चुकले, ‘घातला’ म्हटले पाहिजे. नाडी गेली, तिच्याबरोबर नेसणेही गेले. सासूबाईंनी तिला पडवीत उभे करून भोवती फिरून पाहिले, काठ जमिनीपासून सगळीकडे सारखा आहे की नाही ते वितीने मोजले, आणि डाव्या बाजूस तो अर्धा बोट उतरतो असा दोष काढला. दोष खरा होता. दुसऱ्या दिवशी पट्टा त्या बाजूला उसवून पुन्हा लावावा लागला.

टेरिकॉटच्या मिडीचे मात्र अजून काही ठरलेले नाही. तिच्या चुण्या उष्णतेने कायमच्या बसविलेल्या आहेत, त्या इस्त्रीने जात नाहीत. आणि शिवण उसवली तर अशा कापडावर सुईची भोके तशीच राहतात. तूर्त ती धुऊन, डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत परत गेली आहे. कोणा भगिनीने असे कापड यशस्वीपणे नव्या घाटास आणले असेल, तर तिने संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.