बी झडण्याआधी

ताडोबाच्या गाभ्यात बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं होती. ती उठली, माणसं बाहेर वसली आणि धानाच्या बांध्यांच्या जागी कुरणं झाली. आज लोक तिथे जिप्सी थांबवून चितळांचे कळप बघतात, गवा दिसला तर हरखतात, वाघाची वाट पाहतात. ज्या गवतावर हे सगळं उभं आहे, त्याच्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही.

बघायला हवं. कारण कुरण आपोआप टिकत नाही. एकदा नांगरलेल्या, तुडवलेल्या जमिनीत मारवेल, पवन्या, मुशान सावकाश येतात. त्यांच्या आधी धावत येतात रानतुळस, गाजर गवत, गोखरू आणि तरोटा. तरोट्याची कोवळी भाजी आपण पहिल्या पावसात आवडीनं खातो, पण आपण खाऊन तो संपणारा नाही आणि ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष झालं, की कुरण लांबून हिरवंगार दिसतं. चरणाऱ्या जनावराला मात्र त्यात घास मिळत नाही.

हे एकट्या ताडोबाचं दुखणं नाही. रस्त्याच्या कडा, झुडपी जंगल, गावतलावाची पाळ, शाळेमागची पडीक जागा, कुठेही नजर टाका. गडचिरोलीत कोलामार्काचं जंगल हा महाराष्ट्रातल्या रानम्हशींचा शेवटचा आसरा आहे. पाणी आणि भरपूर चारा, एवढंच त्यांचं मागणं. तेवढंही आपण राखू शकलो नाही, तर अभयारण्याची पाटी लावून काय उपयोग?

शिवाय हा प्रश्न नुसता जनावरांचा नाही, आपलाही आहे. आतला चारा आटला की चितळ आणि रानडुक्कर धानाच्या बांधीत उतरतात. त्यांच्या मागोमाग कोण येतं, हे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या माणसाला सांगायला नको. घाणेरीच्या जाळीआड काय बसलंय, हे मोहफूल वेचणाऱ्या बाईला चार पावलांवरूनही कळत नाही. आणि गुरं चारायला गेलेल्या पोराला ढोरं घेऊन दरवर्षी आणखी आत जावं लागतं.

घाणेरी इंग्रजांनी बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून आणली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात ती पसरली आहे. म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र! या आकड्यामागची माहिती कुठून आली, तेही लक्षात घ्या. व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक पायी फिरतात आणि झाडोऱ्याची नोंद करतात. त्या हजारो साध्या नोंदी एकत्र आल्या, तेव्हा देशाला दुखणं किती मोठं आहे ते कळलं.

उलट गाजर गवताची गोष्ट पाहा. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात दिसल्याची नोंद आहे. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं, असं सांगतात. तेव्हा ते मूठभर होतं. एक झाड पंधरा-वीस हजार बिया टाकतं. पुढचा हिशेब प्रत्येक धुऱ्यावर उभा आहे. १९८४ पासून त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगेरे देशात सोडले गेले. पावसाळ्यात ते कामही चोख करतात, पण देशभर पसरलेल्या तणाला किडा किती पुरणार?

म्हणून आपल्याला तण मूठभर असतानाच गाठायचं आहे.

सुरुवात रानतुळशीपासून करू. ही वृंदावनातली तुळस नव्हे. रानतुळस मूळची अमेरिका खंडातली. खोड हातात धरून बोटांनी फिरवा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर, केसाळ, कडेला दातेरी. पान चुरगळलं की उग्र वास येतो, त्यामुळेच गुरं ती टाळतात. पावसाच्या शेवटी पानांच्या बगलेत इवलीशी जांभळट फुलं येतात. मग टोकदार काट्यांचं बोंड धरतं आणि ते कपड्याला, गुरांच्या अंगाला चिकटून गावोगाव जातं. बी पाण्यात टाकलं तर सब्ज्यासारखं बुळबुळीत फुगतं. चिखलाबरोबर टायरला, खुराला, जेसीबीच्या बकेटला लागून प्रवास करतं. म्हणून ती पहिल्यांदा दिसते ती रस्त्याच्या कडेला, मुरूम टाकलेल्या जागी, जाळरेषेवर. आधी तिथेच बघा.

ती एका वर्षाची पाहुणी आहे आणि इथेच आपली संधी आहे. आखाडीपासून पोळ्यापर्यंत जमीन ओली असते, झाड मुळासकट हातानं निघतं आणि बी धरलेलं नसतं. दिवाळीनंतर उपटणं म्हणजे स्वतःच्या हातानं पेरणं. खरं सांगायचं तर तण काढण्याची सरकारी कामंही पुष्कळदा बी झडून गेल्यावर निघतात. यावर ओरड करण्यापेक्षा आपण वेळेवर कळवलं, तर मागणी करायला तोंड राहील.

कळवायचं कसं? मोबाइलवर तीन फोटो काढा: पूर्ण झाड, पान, फूल. ठिकाणाचं लोकेशन घ्या. झाडं दहा आहेत की एकरभर, एवढं लिहा आणि ते आपल्या बीटच्या वनरक्षकाला पाठवा. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिसरी जागा आपल्याच गावात आहे: जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असते. अनेक गावांत ती वही एकदा भरून कपाटात गेली. ती बाहेर काढू या आणि बाहेरून आलेल्या वनस्पतींचं पान दर पावसाळ्यात नव्यानं लिहू या. कोकण-कोल्हापूरकडे माजलेली रानमोडी किंवा कधी न पाहिलेलं एखादं झुडूप शिवारात दिसलं, तर नाव माहीत नसलं तरी कळवा. नाव अभ्यासक शोधतील.

ज्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहे, त्यांचा तर हा हक्कच आहे. मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये हा हक्क मिळवून वाट दाखवली. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं हक्क मिळाल्यावर जंगलाच्या भल्यासाठी तेंदूपत्त्याची तोडणीच थांबवली. हातातला पैसा सोडणारी गावं आपल्याकडे आहेत, मग श्रावणातल्या चार सकाळी देणारी का नसतील? चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून झुडपांत बुडालेला किल्ल्याचा कोट रोज पहाटे खपून मोकळा केला. आपल्या लोकांना हे जमतं.

काही गोष्टी मात्र सांभाळा. राखीव जंगलात परवानगीशिवाय उपटायला जाऊ नका आणि कुठेही एकटे जाऊ नका. गाजर गवताला उघडा हात लावू नका, त्वचेला त्रास होतो. घाणेरी नुसती कापली किंवा जाळली तर पुन्हा फुटते; तिचं मूळ मातीखाली तोडावं लागतं. आणि कुसळी टोचते म्हणून तिच्यावर राग काढू नका, ती आपली आहे. तणांचं बी जमिनीत काही वर्षं टिकतं, त्यामुळे त्याच जागी पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही जावं लागेल.

मंडईच्या दिवसांत वडशाच्या एखाद्या नाटक मंडळीनं विनोदी पात्राच्या तोंडी रानतुळशीचा एक टोमणा घातला, तर दहा परिपत्रकांचं काम होईल. लेखकमंडळींनी मनावर घ्यावं.

गुराखी, मजूर, जिप्सीचालक, गाईड, शिक्षक, आशाताई, रोज या रानाकडेनं जाणारे आपणच आहोत. येत्या आखाडीला आपापल्या गावचा एक रस्ता निवडा, त्याच्या दोन्ही कडा बघत चाला आणि जे दिसेल ते त्याच दिवशी कळवा.