शेवटचे तास आणि एक कागद

ता. ५ जानेवारी २०१४ रोजीं पहांटे मुंबईंतील लोकमान्य टिळक टर्मिनसवर आंध्रांतून आलेल्या गाडींतून २३ वर्षांची एक तरुणी उतरली. मुंबईंत नोकरी करून स्वतःच्या पायांवर उभी असलेली ही मुलगी आपल्या बिऱ्हाडीं पोंचलीच नाहीं. अकरा दिवसांनीं, १६ जानेवारीस, कांजूरमार्गाजवळ पूर्व द्रुतगति महामार्गाच्या कडेला तिचा मृतदेह सांपडला. मधल्या तासांत काय घडलें, हाच या खटल्याचा सारा प्रश्न.

त्या तासांना एक मुका साक्षीदार होता. तो म्हणजे स्थानकावरील कॅमेरा. एक पुरुष तिच्याबरोबर चालत असल्याचें चित्रण पुढें करून पोलिसांनीं मार्चमध्यें एका इसमास पकडलें. २०१५ सालीं विशेष न्यायालयानें त्यास फांशीची शिक्षा दिली. डिसेंबर २०१८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती कायम केली. परंतु २८ जानेवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास दोषमुक्त केलें. कां? चित्रणासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणें लागणारें प्रमाणपत्रच नव्हतें. म्हणून तें पुराव्यांत धरतां आलें नाहीं. पोलिसांबाहेर दिल्याचा म्हणून सांगितलेला कबुलीजबाबही न्यायालयास विश्वसनीय वाटला नाहीं. साखळी तुटली ती तुटलीच.

एका कागदासाठीं एवढा अनर्थ, असें कोणी म्हणेल. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही उलट विचारतों: सहीवांचून आलेली हुंडी आपण सकाराल काय? यंत्रांतील चित्र तर हुंडीहूनही सहज बदलतां येतें. तें कोणत्या यंत्रांतून व कसें काढलें, हें जबाबदार माणसानें सही करून सांगावें, एवढीच ही मागणी. आणि ती २००० सालापासून कायद्यांत आहे. मधल्या काळांत न्यायालयांनीं ती सैल केली होती हें खरें. पण सप्टेंबर २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती पुन्हां सक्तीची केली, आणि या खटल्याचा पहिला निकाल त्यानंतर वर्षानें लागला. चूक सुधारावयास वेळ होता. सुधारण्याची कळकळ नव्हती.

शिवाय, सोबत चालणें म्हणजे ठार मारणें नव्हे. त्या दोहोंमधलें अंतर पुराव्यानें भरावें लागतें, लोकक्षोभानें नव्हे. तसें न झाल्यामुळें एक मनुष्य नऊ वर्षें फांशीच्या छायेंत राहिला, आणि मुलीच्या आईबापांचा प्रश्न मात्र होता तेथेंच राहिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानें हें प्रमाणपत्र अधिक काटेकोर केलें आहे. पण कायदा छापल्यानें तपास सुधारत नाहीं. मुलगी हरवल्याची वर्दी येतांच त्याच दिवशीं चित्रण ताब्यांत घ्यावें, प्रमाणपत्र तेथल्या तेथें करून घ्यावें, आणि सरकारी वकिलानें तें पाहिल्यावांचून आरोपपत्र पुढें जाऊं नये. ज्यांच्या दुकानावर कॅमेरा आहे, त्यांनींही उद्यां असा प्रसंग आल्यास सही करण्यास कचरूं नये. अपराध्यास फांशी द्या, असें ओरडणें सोपें आहे. अपराधी कोण हें सिद्ध करणें कठीण. त्या मुलीचें ऋण या दुसऱ्या कामानेंच फिटणार आहे.